शक्तिसंच, विद्युत (मॉडेल विमानांचा)

रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानाला ओढ देणाऱ्या मोटर, प्रोपेलर, वेगनियंत्रक आणि बॅटरी या चौकडीला विद्युत शक्तिसंच म्हणतात. छंदिष्टांच्या बोलण्यात त्याला नुसते ‘सेटअप’ म्हणतात, आणि वेगनियंत्रकाला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ईएससी’. नवखा माणूस बहुधा आधी मोटर विकत घेतो आणि मग तिला काय जुळेल ते शोधत बसतो. क्रम नेमका उलटा हवा. विमानाचे वजन आणि उडण्याची ढब यांवरून लागणारी शक्ती व प्रोपेलर ठरतो, प्रोपेलरवरून मोटर व सेलांची संख्या, आणि त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावरून ईएससी व बॅटरी.

पूर्वपीठिका : कर्नल एच. जे. टॅप्लिन यांनी ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये ‘रेडिओ क्वीन’ हे विमान स्थायी चुंबकाची मोटर आणि सिल्व्हर-झिंक बॅटरी यांवर उडवले. हे रेडिओ-नियंत्रित विद्युत विमानाचे पहिले अधिकृत नोंदलेले उड्डाण मानतात. त्यानंतर बराच काळ हा मार्ग हौशी लोकांपुरताच राहिला. निकेल-कॅडमियमचा सेल १.२ व्होल्टचा आणि वजनाला जड, ब्रशच्या मोटरीत शक्तीचा मोठा वाटा उष्णतेत जाणारा. त्यामुळे विमान उडे, पण कसेबसे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रशरहित मोटर आणि लिथियम-पॉलिमर म्हणजे ‘लायपो’ बॅटरी एकत्र आल्या आणि चित्र पालटले. आज ११.१ व्होल्ट, २२०० मिलिअँपिअर-तासांची सुमारे १८० ग्रॅमची बॅटरी २४ वॅट-तास ऊर्जा साठवते. तेवढ्याच ऊर्जेला निकेल-कॅडमियमचा जवळजवळ अर्ध्या किलोचा गठ्ठा लागला असता.

प्रवाह कोण ठरवतो : मोटरवर ‘३० अँपिअर’ छापले आहे म्हणून ती ३० अँपिअर घेते असे नाही. तो आकडा तिच्या सहनशक्तीचा आहे. प्रत्यक्षात किती प्रवाह घ्यायचा ते प्रोपेलर सांगतो, कारण हवा कापायला जेवढा टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर लागेल तेवढा प्रवाह मोटर बॅटरीकडून निमूटपणे ओढते, अगदी स्वतः जळेपर्यंत. प्रोपेलरला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या, व्यासाच्या चौथ्या घाताच्या आणि पिचच्या पटीत वाढते. पिच म्हणजे एका फेरीत प्रोपेलर सैद्धांतिकदृष्ट्या जितका पुढे सरकेल ते अंतर. दहा इंची प्रोपेलर काढून त्याच पिचचा अकरा इंची लावला आणि फेरे तेच ठेवायचे म्हटले, तर ४६ टक्के जास्त शक्ती लागते. तीन सेलांच्या जागी चार सेल लावले, बाकी काही बदलले नाही, तर शक्ती जवळजवळ २.३७ पट आणि प्रवाह १.७८ पट होतो. ‘एक सेल वाढवून बघू’ या वाक्याने जेवढ्या मोटरी जाळल्या असतील तेवढ्या अपघातांनी मोडल्या नसतील.

हिशेबाचे उदाहरण : १.४ मीटर पंखविस्तार आणि २१ सेंटिमीटर पंखरुंदीचे, बॅटरीसह १.१ किलो भरणारे शिकाऊ विमान घेऊ. पंखाचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस डेसिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ३७ ग्रॅम भार. असे विमान ताशी साधारण २७ किलोमीटरच्या खाली हवेत टिकत नाही, ते स्टॉल होते. शक्तीचा अंदाज घ्यायला अमेरिकी छंदिष्टांचा ‘पाउंडामागे वॅट’ हा ठोकताळा जगभर चालतो. किलोत बदलला तर तो असा : संथ विमानाला किलोमागे ११० ते १५० वॅट, शिकाऊ व साध्या खेळकर विमानाला दोनशेच्या आसपास, कसरतींना तीनशेपर्यंत, आणि प्रोपेलरवर लटकत उभ्या राहणाऱ्या ‘थ्री-डी’ विमानाला ३३० ते ४४०. हे वॅट बॅटरीतून बाहेर पडणारे आहेत, प्रोपेलरपर्यंत पोचणारे नव्हेत. आणि वजन पूर्ण सज्ज विमानाचे धरायचे. खोक्यावर छापलेले नुसत्या सांगाड्याचे वजन धरून हिशेब केला की सगळेच चुकते.

आपल्या विमानाला मग २२० वॅट पुरतात. तीन सेलांची बॅटरी भाराखाली सुमारे १०.८ व्होल्टवर उतरते, म्हणून प्रवाह २० अँपिअर. मोटरीची कार्यक्षमता ७८ टक्के धरली तर प्रोपेलरपर्यंत १७० वॅट पोचतात, आणि तेवढ्यात ‘दहा बाय पाच’ म्हणजे १० इंच व्यासाचा, ५ इंच पिचचा प्रोपेलर मिनिटाला सुमारे ९,२०० फेरे घेतो. फेरे गुणिले पिच केले की पिचवेग मिळतो. येथे तो ताशी ७० किलोमीटर येतो. स्टॉलवेगाच्या अडीच ते तीन पट पिचवेग असावा असा संकेत आहे, आणि ७० हा २७ च्या २.६ पट आहे. जमले. पिचवेग याहून बराच कमी असेल तर विमान जमिनीवर जोरदार ओढते, पण वाऱ्याविरुद्ध पुढे सरकत नाही. जमिनीवर तराजू लावून नुसती ओढ मोजणाऱ्यांची फसगत इथेच होते.

केव्हीचा घोळ : मोटरवरचा केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे, वीजमंडळाच्या ११ केव्ही वाहिनीशी त्याचा काही संबंध नाही. भार नसताना दर व्होल्टमागे मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो हा आकडा. जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद हा समज सर्रास आढळतो आणि तो साफ चुकीचा आहे. केव्ही हे सायकलच्या गिअरसारखे आहे : जास्त केव्हीची मोटर लहान प्रोपेलर वेगाने फिरवते, कमी केव्हीची मोठा प्रोपेलर सावकाश. मोटरीचा टॉर्क दर अँपिअरमागे ९.५५ भागिले केव्ही इतके न्यूटन-मीटर असतो, म्हणजे एक वाढले की दुसरे घटणारच. भाराखाली फेरे केव्ही गुणिले व्होल्टच्या सुमारे ७५ ते ८० टक्के राहतात, हे धरून वरच्या उदाहरणात मोटर ११०० केव्हीच्या आसपासची निघते.

ताकद ठरते ती मोटरीच्या आकारमानावर, आणि त्याचा सर्वांत प्रामाणिक निदर्शक म्हणजे वजन. बाहेरचे कवच फिरणाऱ्या ‘आउटरनर’ मोटरीला ग्रॅममागे ३ वॅट हे सुरक्षित प्रमाण आहे; म्हणजे २२० वॅटना ७५ ग्रॅमच्या आसपासची किंवा जरा जड मोटर हवी. भारतात जिकडेतिकडे मिळणारी स्वस्त ‘२२१२’ सुमारे ५० ग्रॅमची, आणि तिची नेहमी दिली जाणारी मर्यादा ६० सेकंदांसाठी १२ अँपिअर. ती सातशे-आठशे ग्रॅमच्या विमानाला उत्तम, पण किलोच्या वरच्या विमानाला जबरदस्तीने जुंपली तर तापणारच. या नावातले २२ आणि १२ हे आतल्या स्थिर गाभ्याचे व्यास आणि उंची, मिलिमीटरमध्ये. काही उत्पादक मात्र बाहेरच्या कवचाची मापे छापतात, त्यामुळे २८ ची म्हणून घेतलेली मोटर प्रत्यक्षात २२ ची निघू शकते.

ईएससी आणि बॅटरी : ईएससीला मोजलेल्या कमाल प्रवाहाच्या निदान चौथा-पाचवा हिस्सा वर मोकळीक ठेवतात, २० अँपिअरला ३० चा घ्यावा. त्यातच ‘बीईसी’ असते, जे रिसीव्हर (रेडिओ संदेश घेणारा भाग) व सर्वो (सुकाणू-झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) यांना ५ व्होल्ट पुरवते. जुन्या धाटणीचे रेषीय बीईसी उरलेले व्होल्ट उष्णतेत घालवते : १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करताना सर्वोंनी एक अँपिअर घेतला तरी ७ वॅट तापायला. ते बंद पडले तर विमान मोटरच नव्हे, नियंत्रणही गमावते. चार सेल किंवा चारपेक्षा जास्त सर्वो असतील तर फारसे न तापणारे स्विचिंग बीईसी घ्यावे, येथे काटकसर नको. तारा लांबवायच्या झाल्या तर मोटरीकडच्या लांबवाव्यात, बॅटरीकडच्या नव्हेत.

लायपो सेल भरलेला ४.२ व्होल्टचा, नाममात्र ३.७ व्होल्टचा असतो आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो. वीसेक टक्के शिल्लक ठेवून उतरण्याची शिस्त म्हणूनच आहे. २२०० ची बॅटरी त्या हिशेबाने १७६० मिलिअँपिअर-तास देते; सरासरी १० अँपिअर धरले तर साडेदहा मिनिटे. बॅटरीवरचा ‘सी’ हा आकडा क्षमतेच्या किती पट प्रवाह देता येईल ते सांगतो. छापील आकड्यातले अर्धे जाहिरातीचे समजून चालावे : २५ सी म्हणजे कागदावर ५५ अँपिअर, भरवशाचे २५ ते ३०. आठवडाभर उडवायचे नसेल तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवतात, आणि चार्जिंगला लावून घराबाहेर पडत नाहीत. जागा ठरवताना बॅटरी पुढे-मागे सरकवता आली पाहिजे. गुरुत्वमध्य जुळवायला नाकात शिसे भरण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

आपल्याकडचा उन्हाळा : पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तेथे एप्रिलमधल्या ३८ अंशांच्या दुपारी हवेची घनता प्रमाण घनतेपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी असते. ओढ घटते, स्टॉलवेग ७ टक्क्यांनी वाढतो आणि मोटर गार करायलाही हवा विरळच मिळते. साध्या निओडिमियम चुंबकांची ताकद ८० अंशांच्या पुढे कायमची घटू लागते, तर लायपो ६० अंशांपलीकडे नेऊ नये. विदर्भातल्या मे महिन्यात सुरुवातच ४५ अंशांवरून होते, त्यामुळे युरोपीय तक्त्यातली मर्यादा जशीच्या तशी घेणे धोक्याचे. हवा आत येण्याच्या भोकापेक्षा बाहेर जाण्याचे भोक मोठे ठेवतात. हे बरेच जण उलटे करतात.

पडताळणी वॅटमीटरने होते. विमान घट्ट धरून, प्रोपेलरच्या पातळीत कोणालाही उभे न राहू देता पूर्ण थ्रॉटलवर दहा सेकंद वाचन घ्यावे. आकडा मर्यादेपलीकडे गेला तर आधी प्रोपेलर लहान करावा. नवा प्रोपेलर मोटरच्या मानाने अगदीच स्वस्त पडतो.

स्पर्धांत निवड नियमांच्या चौकटीत होते. एफ३ए या कसरतींच्या स्पर्धाप्रकारात विमानावर ५ किलो वजनाची आणि ४२.५६ व्होल्टची मर्यादा आहे, म्हणून तेथे दहा सेल. एफ५जे या विद्युत ग्लायडर प्रकारात मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालते; गाठलेल्या उंचीचे २०० मीटरपर्यंत मीटरमागे अर्धा गुण आणि त्यावर ३ गुण कापले जातात. मोटर अर्धे मिनिटच टिकायची असल्याने इथले उडवणारे ग्रॅममागे ३ वॅटचा हिशेब बाजूला ठेवतात आणि सलग चालवली तर जळेल अशी हलकी मोटर जाणूनबुजून घेतात.