घरचं बियाणं, भाड्याची शिफारस

'गटावर जाहिरात टाकू नये' हा नियम मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांना नवा नाही. तो बहुधा चुकीच्या माणसावर पडतो. 'घरचं सोयाबीन बियाणं आहे, उगवण तपासलेली' असं लिहिणाऱ्याला ॲडमिन काढून टाकतात. 'या टॉनिकनं काय फुटवा निघालाय' म्हणणारा अनुभवी शेतकरी म्हणून राहतो.

दवंडीवाला पैसे घेऊनच ओरडायचा, पण कुणाच्या वतीनं, हे गावाला ऐकू यायचं. छापील पानावर चौकटीच्या कोपऱ्यात 'जाहिरात' हा शब्द असायचा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तो कोपरा रिकामा राहिल्याची ओरड राज्यभर झाली. 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द रूढ झाला आणि नांदेड जिल्ह्यातल्या एका मतदारसंघाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि पारावरची चर्चा फोनमध्ये आली. २०२० च्या खरिपात विकतचं सोयाबीन बियाणं अनेकांच्या रानात उगवलंच नाही, दुबार पेरणीची पाळी आली. मग घरच्या बियाण्याची विचारपूस वाढली. ते विकण्याचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानंच दिलाय. फक्त संरक्षित वाणाचं लेबल लावलेल्या पिशवीत भरून विकता येत नाही. म्हणजे ज्याला गटातून काढलं जातं, तो आपला हक्कच वापरत असतो.

२०२१ मध्ये जाहिरात क्षेत्रानं स्वतःसाठी, जून २०२२ मध्ये केंद्रानं आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्याच सोप्या भाषेतल्या पुस्तिकेनं समाजमाध्यमांवरच्या शिफारशींना नियम घातले. दिशाभूल केल्यास दंड पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत. शिफारस करणाऱ्यानं कंपनीशी असलेला हितसंबंध उघड सांगायचा, हा मूळ नियम. सगळा गुंता 'हितसंबंध' या शब्दात आहे. आपल्याकडचा नेमका शब्द लागेबांधे. त्यात रोख रक्कम येतेच, शिवाय फुकट मिळालेला माल, सवलत, सहल, बक्षीस, नोकरी आणि नातंही येतं.

इथं डेमो प्लॉटवाला शेतकरी अडतो. कंपनीनं एका एकरासाठी औषध फुकट दिलं, पीक पाहायला माणसं आणली, जेवण घातलं, फेटा बांधला. त्याला रिझल्ट खरोखर आला आणि त्यानं फोटो टाकला. 'पैसा घेतला नाही, मग जाहिरात कशी?' हा त्याचा सवाल प्रामाणिक आहे. तरी मला नियमच बरोबर वाटतो. त्याची बाटली फुकटची होती. फोटो पाहून दुकानात जाणारा उधारीवर घेणार आहे. त्याला हा फरक आधी कळायला हवा. मेहुण्याचं कृषी सेवा केंद्र असेल, तर तेही.

बियाणंवाल्याचा स्वार्थ त्याच्या नावासकट समोर असतो. पण त्यानंच पुतण्याच्या नंबरवरून 'मी यांच्याकडून नेलं, एक नंबर उगवण' असं लिहवून घेतलं, तर माल घरचा असूनही शिफारस भाड्याची झाली.

सरकारी तपासणी दोनशे माणसांच्या गटापर्यंत येईल असं मला वाटत नाही. तिथं ॲडमिननंच विचारायचं: 'भाऊ, बाटली विकत घेतली का मिळाली?'