चाचणी खड्डा कुठे थांबतो आणि उत्खनन कुठे सुरू होतं

२०२५ च्या फेब्रुवारीत बातमी आली की लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवर एका ऑफिस इमारतीखाली शहराची पहिली रोमन बॅसिलिका सापडली. बॅसिलिका म्हणजे न्यायनिवाडा, कारभार आणि व्यापाराची बोलणी एकाच छपराखाली चालायची ती सार्वजनिक इमारत. वाचणाऱ्याला वाटतं, मोठं उत्खनन झालं असणार. प्रत्यक्षात वरची इमारत उभीच होती. तळघराची काँक्रीटची जमीन फोडून मोजके चाचणी खड्डे घेतले होते, एवढंच.

दोन्हीकडे माणसं, खुरपी, बादल्या तीच, त्यामुळे फरक फक्त आकाराचा वाटतो. माझ्या मते खरा फरक थांबण्याच्या जागेत आहे. चाचणी खड्ड्याला ठरावीक प्रश्न सोडवायचे असतात: जुने थर उरलेत का, किती खोलीवर आहेत, आणि नंतरच्या इमारतींच्या तळघरांनी व पायाभरणीने त्यातलं किती खाल्लं? उत्तर मिळालं की खणणं थांबवायचं. ग्रेसचर्च स्ट्रीटला चकमकीचे दगड, रॅगस्टोन नावाचा चुनखडीचा दगड आणि रोमन विटा-कौलं रचून बांधलेले पाये लागले. सुमारे मीटरभर रुंद, चार मीटर खोल, एक तुकडा तर दहा मीटरांहून लांब. इ.स. ७८ ते ८४ च्या सुमारास बांधलेल्या इमारतीचा पत्ता लागायला तेवढं पुरेसं होतं. भिंतीच्या पलीकडे काय आहे हे बघायचा मोह चाचणीत आवरावाच लागतो.

उत्खननात मात्र माणसाचा हात न लागलेली मूळ माती येईपर्यंत थर एकेक करून उतरवत जातात. मोजमाप, फोटो, नोंदी सगळं होतं, पण उतरवलेला थर कायमचा जातो. २०१० ते २०१४ मध्ये लंडनमध्येच ब्लूमबर्ग कंपनीच्या युरोपीय मुख्यालयाच्या जागेवर असंच काम झालं. वॉलब्रुक ओढ्याच्या ओल्या चिखलात हवा पोचली नव्हती, म्हणून लाकूडही टिकलं होतं. चारशेहून जास्त लाकडी लेखनपाट्या निघाल्या. एकीवर ८ जानेवारी इ.स. ५७ अशी तारीख पडते असा मजकूर आहे: व्हेनुस्टसचा मुक्त केलेला गुलाम टिबुलस लिहून देतो की, विकलेल्या आणि पोचवलेल्या मालापोटी तो ग्रेटसला १०५ दिनार देणं लागतो. उधारीची साधी चिठ्ठी! अशी पाटी चाचणी खड्ड्यात मिळाली तर ते निव्वळ नशीब.

यातूनच दुसरा गैरसमज होतो. चाचणीत काही लागलं नाही म्हणजे खाली काही नाही, असं लोक धरून चालतात. मोकळ्या जागेत साधारण २ ते ५ टक्के जमीनच चाचणीत उघडते. भातात एक शीत चाचपावं तसा हा प्रकार, फक्त जमीन भातासारखी सगळीकडे सारखी शिजलेली नसते. लांबलचक भिंत, रस्ता, खंदक सहसा सापडतो. विखुरलेल्या कबरी किंवा लाकडी खांबांचे खळगे चाचणीच्या दोन चरांच्या मधे सहज निसटतात. सापडलेलं खरं मानावं, न सापडलेल्यावर मात्र जपून बोलावं.

सीमारेषा कधी पुसटही होते. ब्लूमबर्गच्याच जागेवर १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांनी वॉलब्रुकच्या खोऱ्याचा छेद बघायला चर खणले होते. लागलं ते रोमन काळातलं मिथ्रास देवाचं मंदिर. १८ सप्टेंबर १९५४ रोजी, ठरलेली मुदत संपता संपता, देवाचं संगमरवरी शिर निघालं आणि बघ्यांच्या रांगा लागल्या. शेवटी मंदिर उचकटून १९६२ मध्ये थोड्या अंतरावर, पुष्कळ चुका करून, पुन्हा रचलं गेलं.

तेव्हा आधी चाचणी करण्याचं बंधन नव्हतं. १९८९ मध्ये शेक्सपिअरच्या काळातल्या ‘रोज’ नावाच्या नाट्यगृहाच्या अवशेषांवरून लंडनमध्ये गदारोळ झाला, आणि १९९० मध्ये इंग्लंडच्या सरकारने नियोजनासाठी मार्गदर्शक सूचना काढली. महत्त्वाचे अवशेष शक्यतो जागेवरच राहू द्यावेत, परवानगीचा निर्णय होण्याआधी खाली काय आहे ते तपासावं, असा तिचा रोख होता. खर्च बांधकाम करणाऱ्याचा. त्यामुळे चाचणीचा अहवाल आधी नियोजन अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो: नव्या इमारतीचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब, जुनी भिंत चुकवून घालता येतील का, आराखडा बदलायचा का, आणि दोन्ही जमत नसेल तर पूर्ण उत्खननाला किती महिने द्यायचे.