हाडांचे डॉक्टर आणि चित्रांचे पारखी : रहस्यकादंबरीतल्या दोन शोधकांची पार्श्वभूमी

राजा रविवर्म्यांच्या नावाने विकायला आलेल्या तैलचित्रात टायटॅनियम पांढरा सापडला, तर कादंबरीतला डिटेक्टिव्ह तिथेच आरोपीला पकडतो. रविवर्मा १९०६ साली वारले आणि हा रंग चित्रकारांच्या हाती १९२० च्या आसपास आला, म्हणजे चित्र बनावट. प्रयोगशाळेत मात्र पुढचा प्रश्न लगेच येतो : सापडला तो नेमका कुठे? शंभर वर्षांच्या चित्राची एखादी डागडुजी झालेली असतेच आणि डागडुजी करणारा आपल्या काळातले रंग वापरतो. म्हणून आधी खोली अंधारी करून ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा धरतात. नैसर्गिक राळेचं जुनं वॉर्निश हिरवट धुक्यासारखं चमकतं, त्यावर नंतर लावलेला रंग काळपट डागासारखा दिसतो. ते डाग टाळून नमुना घ्यायचा. त्यातही दगाफटका आहेच, कारण अतिनील किरण शोषणारं वॉर्निश फासून असे डाग लपवता येतात.

दुसरी चूक अधिक तांत्रिक आणि कथालेखकाला अधिक उपयोगाची. क्ष-किरण फ्लुरोसन्स यंत्र चित्राला धक्का न लावता त्यातली मूलद्रव्यं सांगतं, पण टायटॅनियमची मुख्य रेषा (रेषेवरूनच मूलद्रव्य ओळखतात) ४.५१ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवर आणि बेरियमची ४.४७ वर येते. एकोणिसाव्या शतकातल्या स्वस्त रंगांत भर म्हणून बेरियम सल्फेट सर्रास घालत. घाईत असलेला माणूस बेरियमला टायटॅनियम समजतो आणि अस्सल चित्र खोटं ठरतं. शिवाय किरण वरच्या थरावर थांबत नाहीत, खालच्या अस्तरातलं शिसंही वरच्या रंगाच्या खाती जमा होतं. शंका उरली की आधीच्या एखाद्या भेगेच्या कडेवरून अर्ध्या मिलिमीटरहून लहान कण काढून राळेत बसवतात, घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजतात.

एवढं बारीक बघण्याची सवय रहस्यकथेत आली ती चित्रांची पारख आणि गुन्ह्यांचा तपास अशा दोन वाटांनी, आणि दोन्हींचं मूळ एकच, वैद्यकी. जोव्हानी मोरेल्ली हा इटालियन गृहस्थ शिक्षणाने वैद्यकीचा. १८७४ ते १८७६ दरम्यान त्याने इव्हान लेर्मोलिएफ या रशियन टोपणनावाने जर्मन नियतकालिकात लेख लिहिले. त्याचं म्हणणं असं : चित्र कोणाचं हे चेहऱ्यावरच्या भावांवरून किंवा रचनेवरून ठरवू नका, नक्कल करणारा नेमकं तेच जीव ओतून उतरवतो. कानाची पाळी, नखं, बोटांची पेरं पाहा. तिथे हात सवयीने चालतो, म्हणून तिथे तो पकडला जातो.

१८८७ साली शेरलॉक होम्स अवतरला. १८९३ च्या एका कथेत तो खोक्यात आलेल्या कापलेल्या कानाच्या घडणीवरून नातं ओळखतो, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या कथेत आपली आजी फ्रेंच चित्रकार व्हेर्ने यांची बहीण होती, असं सांगतो. इतिहासकार कार्लो गिन्झबर्ग यांनी १९७९ च्या निबंधात मोरेल्ली, होम्स आणि फ्रॉइड यांना एका ओळीत बसवलं. तिघांचाही वैद्यकीशी संबंध होता (होम्सचा त्याचे जन्मदाते कॉनन डॉयल यांच्यामार्फत) आणि तिघेही क्षुल्लक खुणेवरून रोगाकडे जाणारे. ही मांडणी थोडी जास्तच सुबक आहे, पण कान दोन्हीकडे आहे हे खरं.

प्रयोगशाळा कथेत शिरली त्यात आपल्याकडचाही हात आहे. कोलकात्यात १८९७ साली बोटांच्या ठशांचं कार्यालय सुरू झालं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तिथे वर्गीकरणाचं मोठं काम केलं, तरी पद्धतीला नाव लागलं ते एडवर्ड हेन्री या साहेबाचं. १९०१ मध्ये तीच पद्धत लंडनला गेली आणि १९०५ मध्ये अंगठ्याच्या ठशावरून दोन भावांना खुनासाठी फाशी झाली. दोनच वर्षांत, १९०७ मध्ये, इंग्रज लेखक आर. ऑस्टिन फ्रीमन यांचा डिटेक्टिव्ह डॉ. थॉर्नडाइक आला, आणि त्याच्या पहिल्याच कादंबरीचा मुद्दा हा की ठसाही बनवता येतो! फोटोवरून जिलेटिनचा उठाव तयार करून खोटा ठसा कसा उमटवायचा, हे त्यात पायरीपायरीने दाखवलं आहे. फ्रीमन स्वतः डॉक्टर. कथेतले प्रयोग ते आधी करून पाहत. आजच्या कित्येक लेखकांपेक्षा ते या बाबतीत प्रामाणिक होते. १९१० मध्ये फ्रान्समधल्या ल्योंला एडमंड लोकार यांनी पोलिसांची प्रयोगशाळा थाटली तीही माळ्यावरच्या दोन खोल्यांत, आणि लोकार होम्सचे वाचक होते.

संग्रहालयांकडे रसायनशास्त्र त्याआधीच पोचलं होतं. बर्लिनच्या राजसंग्रहालयांनी १८८८ मध्ये फ्रीडरिक राटगेन यांना नेमलं. पण चित्रपारखी नायक व्हायला हवा तसा खलनायक १९४५ मध्ये मिळाला. हान व्हान मीगेरेन या डच चित्रकाराला अटक झाली ती राष्ट्रीय ठेवा मानलेलं, सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचं चित्र नाझी नेता गोअरिंगच्या हाती जाऊ दिल्याबद्दल. त्याने सांगितलं, ते चित्र मीच काढलंय. त्याची रीत अशी : सतराव्या शतकातला खरा कॅनव्हास घ्यायचा आणि त्यावरचं चित्र खरवडायचं. तैलरंग पुरता वाळायला दशकं लागतात आणि ओला रंग अल्कोहोलच्या बोळ्याने सुटतो, म्हणून तेलाऐवजी फिनॉल-फॉर्माल्डिहाइडची राळ, म्हणजे बेकेलाइटच्याच जातीची. भट्टीत शंभर अंशांच्या थोडं वर भाजायचं, नळकांड्यावर गुंडाळून भेगा पाडायच्या, भेगांत शाई भरायची. १९३७ मध्ये त्याच्या अशाच एका चित्रापुढे नामांकित समीक्षक नतमस्तक झाले होते. गोअरिंगच्या चित्रात मात्र कोबाल्ट निळा निघाला. तो रंग १८०२ नंतरचा, आणि व्हर्मीर १६७५ मध्ये गेलेला. बाकीच्या चित्रांचा वाद १९६८ च्या सुमारास पांढऱ्या शिशाच्या रंगाने मिटवला. त्यातलं शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं बावीस वर्षांत निम्मं होतं, तीनशे वर्षांच्या रंगात ते जवळपास संपलेलं असायला हवं. ते भरपूर होतं.

हे सगळं हाताशी असूनही कादंबरीत दोन्ही तज्ज्ञ ठाण मांडून बसले ते १९८० नंतर. अमेरिकन लेखक आरन एल्किन्स यांनी दोन्ही वाटा चालवल्या : १९८२ पासून हाडांचा प्राध्यापक गिडियन ऑलिव्हर, १९८७ पासून संग्रहालयाचा क्युरेटर ख्रिस नॉरग्रेन. पुढे १९९० मध्ये पॅट्रिशिया कॉर्नवेल यांची शवविच्छेदन करणारी डॉक्टर आली आणि १९९७ मध्ये कॅथी राइक्स यांची हाडतज्ज्ञ. राइक्स स्वतः त्याच पेशातल्या.

हाडांच्या कथांत एक हिशेब हमखास असतो. मांडीचं हाड सेंटिमीटरमध्ये मोजा, २.३८ ने गुणा, ६१.४१ मिळवा. ४५ सेंटिमीटरच्या हाडावरून उंची येते साधारण १६८.५, चूक सव्वातीन सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे. पण हे १९५२ चं सूत्र गोऱ्या अमेरिकन पुरुषांच्या मापांवर बेतलेलं आहे. वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीकाठी सापडलेल्या सांगाड्याला ते जसंच्या तसं लावणारा कथानायक बेपत्ता माणसांच्या यादीतून चुकीचं नाव उचलणार.

मराठी रहस्यकथेने या प्रयोगशाळेकडे फारसं पाहिलं नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पिढ्यान् पिढ्या वाचनालयांत त्या हातोहात फिरल्या, पण झुंजार किंवा काळापहाड यांची मदार वेषांतर, धाडस आणि पिस्तुलावर. वेग त्यांना हवा होता. सूक्ष्मदर्शकाजवळ कथा थांबते. उणीव म्हणायची तर ती नंतरच्यांची.

वडोदऱ्यात तर साहित्य दाराशी पडलं आहे. सयाजीरावांनी रविवर्म्यांकडून करवून घेतलेली १४ पौराणिक चित्रं दरबारात लागण्याआधी लोकांना पाहायला खुली झाली होती. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी घाटकोपरला छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला आणि जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकला गेला. रविवर्मा गेल्यावरही छपाई चालूच राहिली, त्यामुळे ‘छापखान्याचं अस्सल’ आणि ‘चित्रकाराच्या हयातीतलं’ हे दोन वेगळे दावे आहेत. दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घरातली तसबीर ओळखायची तर दहापट भिंग लावा. शिळाछापात हाताने दिलेले लहानमोठे, वाकडेतिकडे ठिपके दिसतात. ऑफसेटच्या नकलेत ठिपक्यांची सारखी जाळी. फसवणुकीचा नेहमीचा प्रकार म्हणजे छापील कागद कॅनव्हासवर डकवून वरून तैलरंग फिरवणं. चौकटीवर दुमडलेली कड उलगडून पाहिली की कागद दिसतो. सही भेगांवरून गेलेली असून रंग भेगेत उतरला असेल, तर ती भेगांनंतरची.

कमाटीबागेतली पिक्चर गॅलरी १९१४ मध्ये बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातली चित्रं अडकली आणि ती १९२१ मध्ये उघडली. मालकीच्या साखळीत अशी सात वर्षांची फट कथालेखकाला आयतीच मिळते. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० पासून ललितकला आणि १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवतात. न्यायवैद्यक शास्त्रांचं राष्ट्रीय विद्यापीठ गांधीनगरला, गाडीने दोन-तीन तासांवर.

कायद्यानेही कथानकाला वळण दिलं आहे. रविवर्म्यांची चित्रं १९७२ च्या कायद्याखाली १९७९ पासून कलानिधी ठरली, भारतात असलेली ती चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून गिऱ्हाईक इथलंच आणि गुन्हाही इथलाच. खोटं चित्र गळ्यात मारून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक करतं. ते टप्प्याटप्प्याने लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे खुनाच्या जागी जाणारी गाडी आता आर्ट गॅलरीच्या दारातही उभी राहू शकते. तिथून नमुना कोणी काढला, पाकिटावर सील कोणाचं, ते किती हातांतून गेलं, याची नोंद चुकली तर रंगाचा अहवाल कितीही बरोबर असो, उलटतपासणीत वकील त्यावरच बोट ठेवणार.