यंत्राला शब्दाचा अर्थ कळायला संदर्भ किती लागतो? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

१९४८ साली अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी माहिती मोजायचा सिद्धांत मांडला, तेव्हा अर्थ हा विषय त्यांनी सुरुवातीलाच बाजूला काढला. संदेशाला अर्थ असतो हे त्यांना मान्य होतं. पण संकेत बिनचूक पोचवणाऱ्या अभियंत्याला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. भूमिका रास्तच म्हणायची.

बाजूला काढलेला हा प्रश्न वर्षभरात परत आला, तोही शॅनन यांचा सिद्धांत सोपा करून सांगणाऱ्या वॉरन वीव्हर यांच्याच हातून. यांत्रिक भाषांतरावरच्या (यंत्राने एका भाषेतून दुसऱ्या भाषेत करायच्या अनुवादावरच्या) १९४९च्या टिपणात ते म्हणतात: छापील पानावर एकाच शब्दापुरतं भोक असलेला कागद ठेवला, तर दिसणाऱ्या शब्दाचा नेमका अर्थ ठरवता येत नाही. भोक दोन्ही बाजूंना वाढवत गेलं की कधीतरी तो ठरतो. मग किती वाढवायचं, एवढंच शोधायचं राहतं.

इथेच एक गोष्ट निसटली, असं मला वाटतं. संदर्भ म्हणजे शेजारचे शब्द, हे गृहीतच धरलं गेलं. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्येच ट्रोब्रिआंड बेटांवरचे दाखले देऊन लिहिलं होतं, की बोलणं कळायला तो प्रसंगच माहीत असावा लागतो. त्याच्याही कित्येक शतकं आधी व्याकरणकार भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाकशाने ठरतो याची यादी दिली: साहचर्य, विरोध, प्रकरण (म्हणजे चाललेला विषय), औचित्य, देश (म्हणजे स्थळ), काल... ‘दुसऱ्या शब्दाचं सान्निध्य’ हा त्या यादीतला फक्त एक घटक आहे!

१९६० मध्ये यांत्रिक भाषांतरावर काम केलेले तत्त्वज्ञ येहोशुआ बार-हिलेल यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. ‘खोका पेनमध्ये होता’ अशा अर्थाचं त्यांचं इंग्रजी वाक्य प्रसिद्ध आहे. तिथे ‘पेन’ म्हणजे लेखणी नव्हे, लहान मुलांना खेळायला ठेवतात ते कुंपण. हे कळायला खोका आणि लेखणी यांचे आकार ठाऊक हवेत, आणि तेवढं जगाचं ज्ञान यंत्राला देणं त्यांना अशक्यप्राय वाटत होतं. यांत्रिक भाषांतराचा आढावा घेणाऱ्या सरकारी समितीच्या १९६६च्या आल्पॅक अहवालानंतर अमेरिकेत या संशोधनाचा निधीही आटला.

पुढे मार्ग निघाला तो वीव्हर यांच्याच वाटेने. शब्दांना आकड्यांच्या रूपात मांडणाऱ्या २०१३च्या ‘वर्डटूव्हेक’ने शेजारच्या मोजक्या शब्दांवरून शब्दाची ओळख बांधली, आजच्या भाषा-प्रारूपांचा पाया असलेल्या २०१७च्या ‘ट्रान्सफॉर्मर’ रचनेत प्रत्येक शब्द आवाक्यातल्या बाकी शब्दांशी ताडून पाहता येऊ लागला. हा आवाका आता काही एआय प्रणालींत लाखो शब्दांवर गेला आहे. कोण, कुणाला, कुठे आणि कशासाठी विचारतंय, हे मात्र बहुतेक वेळा अजूनही वापरणाऱ्यालाच लिहून द्यावं लागतं.