गुडघ्याला मार लागलाय? तज्ज्ञांची लवकरची वेळ मिळण्यासाठी चिठ्ठीत काय हवं

रेफरल चिठ्ठीवर 'गुडघेदुखी, ऑर्थोकडे पाठवत आहे' एवढंच लिहिलेलं असेल, तर लांबची तारीख मिळणार हे धरूनच चाला. वेळ ठरवणाऱ्याच्या समोर पेशंट नसतो, फक्त चिठ्ठी असते. नुसती गुडघेदुखी म्हणजे झिजेचं दुखणं, थांबलं तरी चालेल, असा त्याचा हिशेब. मग परवापर्यंत धावणारा आणि आज पाय टेकवू न शकणारा माणूसही त्याच रांगेत ढकलला जातो.

आधी हे बघा की वेळ घेण्याच्या भानगडीत पडायचं आहे का. गुडघा वाकडा दिसतोय, पाऊल गार किंवा बधिर पडलंय, जखम सांध्यापर्यंत खोल आहे, किंवा ताप येऊन गुडघा लाल-गरम झालाय, तर थेट इमर्जन्सी गाठा. सांधा निखळून आपोआप जागेवर बसला तरी जा. मागची रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते आणि तिथे हातात फक्त काही तास असतात.

लवकरच्या वेळेसाठी खरे पात्र कोण? गुडघा अडकलाय, पूर्ण सरळच होत नाही. आडवं पडून पाय ताठ ठेवून उचलता येत नाही. मार लागताना 'कट्' असा आवाज आला आणि काही तासांतच गुडघा टम्म सुजला. चालताना गुडघा दगा देतो. यातलं जे लागू असेल ते चिठ्ठीत यायलाच हवं, आणि तारखेसकट. उदाहरणार्थ: 'अमुक तारखेला खेळताना पाय जमिनीवर रोवलेला असताना गुडघा पिळला, आवाज आला, दोन तासांत सूज, खेळ सोडावा लागला, आता पूर्ण सरळ होत नाही.' डॉक्टरांचा एक मिनिट जातो. सांगायला संकोचू नका.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते 'एक्स-रे नॉर्मल आहे' या वाक्यावर. एक्स-रे हाडं दाखवतो, लिगामेंट (हाडांना हाडं बांधणारे पट्टे) आणि मेनिस्कस (सांध्यातली कुर्च्याची गादी) दाखवत नाही. तो मुख्यतः फ्रॅक्चर शोधायला काढतात: वय ५५ किंवा जास्त, चार पावलं टाकता येत नाहीत, गुडघा ९० अंश वाकत नाही, फक्त वाटीवर दाबल्यावर दुखतं, किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखतं. यातलं एकही असलं तर एक्स-रे. तो नॉर्मल आला म्हणून रांगेतून बाहेर पडू नका. एमआरआय होईपर्यंत वेळच घ्यायची नाही, हाही गैरसमज. दोन्ही सोबत चालू द्या. शरीरात पेसमेकर किंवा धातू असेल तर आधीच सांगा.

मुदतीचा घोळ वेगळाच. 'सहा आठवडे आराम करा, मग बघू' हे किरकोळ मुरगळण्यासाठी ठीक आहे. वाटीच्या वरची किंवा खालची शीर (टेंडन, रक्तवाहिनी नव्हे) पूर्ण तुटली असेल तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोडणं सोपं असतं, नंतर ती आखडत जाते. एसीएलचं (गुडघ्याच्या आतल्या एका मुख्य लिगामेंटचं) ऑपरेशन बहुतेकदा सूज उतरून हालचाल परत येईपर्यंत थांबवतात. पण ऑपरेशन उशिरा करायचं म्हणून तपासणीही उशिरा करायची, असं कोणी सांगितलेलं नाही!

ओळखपत्र, विम्याचं कार्ड, चालू औषधांची यादी (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या विसरू नका) हे नेहमीचंच. नसतो तो कागद म्हणजे पहिल्या दिवसाचा केसपेपर. तेव्हा डॉक्टरकडे गेलाच नसाल तर आजच जा आणि घटनेची तारीख लिहून घ्या. सुजेचा फोटो काढला असेल तर ठेवा. एमआरआयचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, फिल्म किंवा सीडीही न्या. ती नसली की पुन्हा खेप होते.

विम्याची पूर्वमंजुरी लागणार असेल तर केसपेपर आणि फॉर्म यांवरची तारीख एकच आहे ना, बघा. अपघाताची नोंद नसताना 'झीज' किंवा 'जुनं दुखणं' एवढंच लिहिलं गेलं, की क्लेम अडकायला निमित्त मिळतं. खोटं काही लिहू नका, पण मार लागल्याचं गाळूही देऊ नका. आणि क्लेमची मुदत मार लागल्यापासून, भरती झाल्यापासून की डिस्चार्जपासून मोजतात, हे पॉलिसीतच वाचा. काउंटरवरचं तोंडी उत्तर कुणीच लिहून देत नाही.

तारीख मिळाल्यावरही रद्द झालेल्या वेळांच्या यादीत नाव टाकायला सांगा. वाट बघताना गुडघा अडकला, तर नवी चिठ्ठी घेऊन पुन्हा फोन करा. जुन्या चिठ्ठीवर तुमचा नंबर पुढे सरकणार नाही.