गॅस संपला की जाळी तुंबली?

एसी गार करेनासा झाला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गॅस संपला वाटतं." मागच्या मे महिन्यात आमच्याकडेही तेच झालं. मेकॅनिक आला, त्याने गेज लावलं, दाब कमी दिसला, गॅस भरला, पैसे घेऊन गेला. आठवड्याभरात खोली पुन्हा तापलेली. शेवटी मी स्टुलावर चढून इनडोअरचं झाकण उघडलं, तेव्हा जाळीवर, म्हणजे एसीच्या फिल्टरवर, धुळीचा गोधडीसारखा थर होता. तेव्हापासून ही दोन दुखणी वेगळी ओळखता यावीत, असं मला फार वाटतं.

गॅस वापरून संपत नाही. गाडीतलं पेट्रोल जळतं, तसं याचं काही होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. नळ्या शाबूत असल्या की तो वर्षानुवर्षं पुरतो. म्हणून "दर उन्हाळ्यात थोडा गॅस टाकावा लागतो" असं कुणी म्हटलं, तर विश्वास ठेवू नका. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत नळ्या आणि कॉइल (पातळ पात्यांतून वळवलेल्या नळ्यांचा संच) लवकर गंजतात, त्यामुळे मुंबई-रत्नागिरीकडे ही शक्यता जास्त.

जाळीचं काम साधं आहे. पंखा वरून खोलीतली हवा ओढतो, ती जाळीतून गाळून थंड कॉइलवरून जाते आणि खालून बाहेर येते. धूळ, चादरींची कुसं, उदबत्तीचा धूर, स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा तेलकटपणा, असं सगळं जाळीवर बसतं. मग हवा कमी जाते. कॉइलला पुरेशी उष्णता न मिळाल्याने तिचं तापमान शून्याखाली उतरतं आणि हवेतली वाफ तिच्यावरच गोठते. आपण वैतागून रिमोटवर २४ चे १८ करतो. त्याने हवा वाढत नाही, गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर मात्र थांबायचं नाव घेत नाही आणि बर्फ वाढत जातो. एसी बंद केला की तोच बर्फ वितळून कधीकधी भिंतीवरून ओघळतो.

घोटाळा इथेच होतो, कारण गॅस कमी असला तरी बर्फ धरतो. दाब उतरला की उरलेला गॅस आणखी खालच्या तापमानाला उकळतो. पण तेव्हा बर्फ साधारणपणे कॉइलच्या एका भागावर आणि आउटडोअरला जोडलेल्या बारीक नळीवर दिसतो, बाकीची कॉइल कोरडी राहते. जाळी तुंबली असेल तर बर्फ बहुधा कॉइलभर पसरतो. त्याहून सोपी खूण हाताला कळते. झडपेसमोर हात धरा. वारा जोरात येतोय पण कोमट आहे, तर गॅसची शंका घ्यायला जागा आहे. वारा गार आहे पण मंद येतोय, तर आधी जाळी बघा.

मग गेज खोटं बोललं का? नाही. हवा कमी मिळाली की गॅसही नीट उकळत नाही, म्हणून जाळी तुंबलेली असतानाही दाब कमीच दिसतो. इन्व्हर्टर एसीत तर कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमीजास्त होतो आणि त्याबरोबर दाबही बदलत असतो. अशा वेळी जाळी न बघता गॅस भरला, तर तो गरजेपेक्षा जास्त होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

जाळी धुवायला दहा मिनिटं पुरतात. एसीचा स्विच बंद करा, जाळी काढा, आतल्या बाजूने नळाची धार सोडा म्हणजे धूळ आली त्याच वाटेने निघून जाते. तेलकट असेल तर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका. पाणी कढत नको आणि वाळवायची सावलीतच, नाहीतर प्लॅस्टिक वाकतं आणि कडेच्या फटीतून धूळ थेट कॉइलवर जाते. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, शेजारी बांधकाम चालू असेल तर आठवड्याला. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या म्हणण्यानुसार तुंबलेला फिल्टर बदलून स्वच्छ बसवला, तर एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्क्यांनी उतरू शकतो.

जाळी धुऊन, बर्फ पूर्ण वितळू देऊन तासभर एसी चालवल्यावरही हवा कोमटच आली, तर मेकॅनिकला बोलवा. नव्या एसीतला आर-३२ गॅस थोडा ज्वलनशील असतो, त्यामुळे नळ्यांना स्वतः हात लावू नका. गळती कुठे आहे ते नायट्रोजन भरून, सांध्यांना साबणाचा फेस लावून दाखवायला सांगा. ती बुजवल्यावर नळ्यांतली हवा पंपाने उपसून (व्हॅक्यूम करून), आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरून घ्या.