उपकरण-सारांश साधन

उपकरण-सारांश साधन : स्मार्ट घरातल्या एका वर्गाच्या सगळ्या उपकरणांची स्थिती मोजून ती थोडक्यात एआय एजंटच्या, म्हणजे घरच्यांच्या प्रश्नांना साधने वापरून उत्तरे देणाऱ्या एआय प्रोग्रामच्या, हाती देणारे छोटे सॉफ्टवेअर. दिवे किती, चालू किती, बंद किती, पत्ता लागत नाही असे (अनुपलब्ध) किती, नमुन्यादाखल दोन-तीन नावे आणि त्या वर्गात सामाईक असलेले गुणधर्म, एवढेच ते सांगते. ते कोणत्याही उपकरणाला हात लावत नाही. मोजणीचे काम सोपे आहे. साधनाचे दस्तऐवजीकरण, म्हणजे ते काय सांगते आणि काय सांगत नाही हे लिहून ठेवणे, हे मात्र जिकिरीचे.

होम असिस्टंट ही स्मार्ट घरातली उपकरणे एकत्र चालवणारी मुक्तस्रोत प्रणाली २०१३ साली सुरू झाली. तिच्यात प्रत्येक मोजमापाची आणि प्रत्येक बटणाची वेगळी नोंद असते. तिला एंटिटी म्हणतात. लाइट, स्विच, सेन्सर, क्लायमेट असे त्यांचे वर्ग पडतात. एकच स्मार्ट प्लग घेतला तरी बटण, वॅट, युनिट, व्होल्ट, सिग्नल अशा पाच-सहा एंटिटी होतात. म्हणजे जुळे सोलापुरातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्येही आकडा शंभरापुढे सहज जातो. ही सगळी यादी गुणधर्मांसकट एजंटपुढे ओतली, तर ‘हॉलमधला दिवा चालू आहे का’ एवढ्याशा प्रश्नासाठी हजारो टोकन (एआय मजकूर ज्यांत मोजते ते शब्दांचे तुकडे) खर्च होतात आणि कामाची ओळ गर्दीत हरवते. म्हणून आधी सारांश, मग हवा तेवढाच तपशील, अशी रीत पडली.

एजंटला अशी साधने जोडून देणारा एमसीपी (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल) हा प्रोटोकॉल अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. त्यात प्रत्येक साधनाला नाव, वर्णन आणि कोणती माहिती द्यायची याचा साचा असतो. पायथॉन भाषेत लिहिलेल्या, अशी साधने पुरवणाऱ्या बऱ्याच सर्व्हरांत फंक्शनच्या माथ्यावरची टीप हेच एजंटला दिसणारे वर्णन ठरते. एरवी माहितीपुस्तिका वस्तूसोबत खोक्यात येते आणि खोक्यातच राहते. इथे वाचक स्वतः एजंट आहे आणि तो समोर ठेवलेला प्रत्येक शब्द खरा मानतो. ‘उपकरणांची माहिती देते’ असे वर्णन त्याच्या फारसे कामाचे नाही. त्यापेक्षा असे लिहिलेले बरे : ‘एका वर्गातील एंटिटींची संख्या आणि स्थितीनुसार विभागणी. नमुने तीनच, पूर्ण यादी नव्हे. अनुपलब्ध म्हणजे बंद नव्हे. फक्त वाचन.’

यातले तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, आणि सोलापुरात ते पटवून द्यावे लागत नाही. शहराला भीमेवरच्या उजनी धरणातून पाणी येते, पण नळ रोज येत नाही, हा इथला वर्षानुवर्षांचा अनुभव. पाण्याच्या दिवशी खालचा हौद भरून घ्यायचा, मग मोटार लावून पाणी वरच्या टाकीत चढवायचे. समजा अशा घरात स्विच वर्गाचा सारांश आला : एकूण नऊ, चालू दोन, बंद चार, अनुपलब्ध तीन. मोटार त्या तिनांत आहे. मोटार चालू असतानाच लाइट गेली आहे. राउटर आणि होम असिस्टंटचा डबा इन्व्हर्टरवर जागे आहेत, मोटारीचा स्विच मात्र निपचित. ‘चालू नाही म्हणजे बंद’ असे धरून एजंट ‘मोटार बंद आहे, काकू’ म्हणून मोकळा होतो. लाइट येते, स्विच आपल्या मागच्या स्थितीत परततो, आणि बंद म्हणून सांगितलेली मोटार रिकाम्या हौदावर कोरडी फिरू लागते. पुढचा खर्च वाइंडिंगवाल्याचा.

उलटाही घोटाळा होतो. झिगबी या बिनतारी पद्धतीची उपकरणे होम असिस्टंटच्या झेडएचए या जोडणीमार्फत जोडलेली असली, तर विजेवरचे उपकरण गप्प झाल्यापासून अनुपलब्ध ठरायला मूळ सेटिंगप्रमाणे दोन तास आणि बॅटरीवरचे ठरायला सहा तास लागू शकतात. तोवर सारांशात जुनीच स्थिती दिसत राहते. चांगल्या दस्तऐवजात म्हणूनच स्थितीसोबत ती शेवटची कधी बदलली तेही कोणत्या साधनाने पाहायचे, हे सांगितलेले असते.

सेन्सर वर्गात हे साधन जवळजवळ निरुपयोगी. दिव्याच्या स्थिती मोजक्या, पण तापमापकाची स्थिती म्हणजे आकडा. मे महिन्यात गच्चीवर ४२.३, जिन्यात ३८.९, हॉलमध्ये ३५.१ असेल, तर विभागणीत प्रत्येक आकडा एकेकदा येतो आणि सारांश मूळ यादीएवढाच लांब होतो. अशा वर्गाला किमान, कमाल आणि एकक द्यावे, किंवा साधनाने सरळ नकार द्यावा. दस्तऐवजात हा अपवाद बहुधा राहूनच जातो, कारण लिहिणारा उदाहरण म्हणून दिवेच घेतो.

नमुन्यांची मर्यादाही स्पष्ट लिहावी लागते. नऊपैकी तीन नावे दिली की एजंट कधी कधी घरात तीनच स्विच आहेत असे समजून बोलतो. एकूण संख्या नमुन्यांच्या आधी छापणे हा त्यावरचा साधा तोडगा.

राहिला नावांचा प्रश्न. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जाणाऱ्या या शहरात एका घरातली टाकी तीन जणांनी तीन नावांनी नोंदवलेली असू शकते. देवनागरी नावावरून होम असिस्टंट आपोआप जे रोमन ओळखचिन्ह बनवते, त्यात ‘टाकी’चे ‘टीटीएएकेआयआय’ असे काहीतरी होते आणि ते एजंटलाच काय, घरमालकालाही ओळखता येत नाही. म्हणून नमुन्यांत ओळखचिन्हासोबत घरच्यांनी ठेवलेले नाव आणि खोलीही द्यावी.